रात्र काढलेली बासुंदी : खानापूर तालुक्यातल्या एका बचत गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं, येरळा नदीच्या बाजूचं. गावाचं किंवा कुणाचंच नाव देत नाही. ज्यांच्या संमतीनं हे लिहितो आहे त्यांनी तेवढी एकच अट घातली. या भागात एके काळी मार्च उजाडला की पाण्याच्या टँकरची वाट बघावी लागायची. टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलं तसं कडवळ आणि मका दिसू लागला, दावणीला म्हशी वाढल्या. पंढरपुरी म्हशी बऱ्याच. लांब तलवारीसारखी शिंगं, अंगानं बेताच्या, पण कोरड्या रानातही दुधाला टिकणाऱ्या.

बचत गट दहा जणींचा. वर्षभर त्या गावच्या संकलन केंद्रावर दूध घालायच्या आणि लग्नसराईत त्यातलं काही राखून खवा, पनीर, बासुंदी करायच्या. अध्यक्षांच्या घरामागं पत्र्याची शेड, दोन गॅसच्या भट्ट्या, दोन मोठ्या कढया आणि कर्ज काढून घेतलेला एक डीप फ्रीजर. अन्न परवान्याची नोंदणी केलेली, तिचा कागद भिंतीवर लावलेला. अध्यक्षांना सगळ्या जणी अक्का म्हणतात, मीही तेच म्हणतो.

माझा संबंध असा : दूध प्रकल्पांच्या गुणवत्ता विभागात बरीच वर्षं काढल्यावर मी गावोगावच्या गटांना दुग्धपदार्थ शिकवतो. या गटाला घटनेच्या दोन वर्षं आधी तीन दिवस शिकवलं होतं. भांडी कशी धुवायची, धार काढण्याआधी कास कशी पुसायची, खव्यात पिष्ट मिसळलंय का हे आयोडीननं कसं बघायचं, असं सगळं. त्या वेळची माझी टिपणाची वही मी नंतर काढून पाहिली. त्यात माझ्याच अक्षरात वाक्य आहे : 'दूध नीट उकळलं की जंतू मरतात, धोका उरत नाही.' हे प्रकरण त्या वाक्याचंही आहे.

मागणी

मे महिन्यातलं लग्न. गावातल्याच घरचं, पाहुणे धरून अडीचशे पान. जेवणाचा ठेका विट्याच्या बाजूच्या एका आचाऱ्याकडं, आणि बासुंदी मात्र 'आपल्या बायकांचीच' असा मुलीच्या वडिलांचा आग्रह. ४० किलो बासुंदी हवी होती. गटानं तोपर्यंत एका वेळी १२-१५ किलोच्या वर कधी केली नव्हती.

म्हशीचं दूध घट्ट असतं, ६ ते ७ टक्के फॅट असते, त्यामुळं बासुंदीला उतारा चांगला पडतो. ८० लिटर दूध आटवून साधारण दोन-पंचमांश राहतं, त्यात सहा किलो साखर, म्हणजे ४० किलो होतात. हिशेब बरोबर होता. दूध, साखर, गॅस, सुकामेवा मिळून साडेसहा-सात हजार खर्च आणि त्यावर चार हजारांची मिळकत. गटाला एका दिवसात एवढे पैसे कधी मिळाले नव्हते.

करायला किती वेळ लागेल आणि किती दूध लागेल हे त्यांनी नीट मांडलं. तयार झालेली ४० किलो गरम बासुंदी थंड कशी करायची, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारायला शिकवलंच नव्हतं.

आदल्या दिवशीची संध्याकाळ

सकाळचं दूध आलं, लगेच उकळून कॅनमध्ये भरून फ्रीजरमध्ये ठेवलं. चार वाजता दोन्ही कढया चढल्या. साडेआठला बासुंदी उतरली. चव, रंग, दाटपणा, सगळं उत्तम. एवढं होईतो आभाळ भरून आलं होतं. पावणेनऊला वळवाचा पाऊस वाऱ्यासकट कोसळला, कुठंतरी खांब पडला आणि लाइट गेली. ती आली सकाळी सहाला.

आता रात्री दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आणि या प्रकरणाचा सगळा उलगडा त्या दोन गोष्टींत आहे.

अर्धी बासुंदी एका मोठ्या खोल पातेल्यात होती. ते झाकून शेडच्या कोपऱ्यात ठेवलं. दुसऱ्या अर्ध्यासाठी तेवढं मोठं पातेलं नव्हतं, म्हणून ती पाच-पाच लिटरच्या चार स्टीलच्या डब्यांत भरली. अक्कांच्या सासूबाई ओसरीवर बसून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं ते डबं हौदात सोडा की. आम्ही दूध हौदातच ठिवायचो." जनावरांच्या पाण्याचा हौद नव्हे, न्हाणीमागचा सिमेंटचा स्वच्छ हौद. डबे गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवले. पातेलं हौदात मावत नव्हतं, म्हणून ते जिथल्या तिथं राहिलं.

दीड वाजता गटातली सर्वांत धाकटी सून उठली. चारोळी आणि बदामाचे काप आधी घातले तर मऊ पडतात, म्हणून बासुंदी कोमट झाल्यावर घालायचे ठरले होते. तिनं पातेल्यात आणि चारही डब्यांत ते हातानं घातले, एकाच पळीनं ढवळलं आणि झाकलं. दोन दिवसांपूर्वी गवत कापताना तिच्या तर्जनीला विळा लागला होता. बोटाला चिंधी होती आणि जखम चिघळली होती. हे तिनं कुणापासून लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

सकाळचा निर्णय

सहाला लाइट आली. अक्कांनी पातेल्याचं झाकण काढलं, पळीनं थोडी तळहातावर घेतली. आंबूस वास नाही, तार नाही, चव जशीच्या तशी. पण पातेलं हाताला कोमट लागत होतं. अक्का मला नंतर म्हणाल्या, "मनात पाल चुकचुकली हुती, सर. पण नासलं असतं तर वास आला असता की."

त्यांच्यापुढं तीन वाटा होत्या. सगळं टाकून द्यायचं, म्हणजे साडेसहा हजारांचं नुकसान, गावात नाव खराब आणि लग्नाच्या दिवशी मुलीच्या बापाला तोंड दाखवायची पंचाईत. दुसरी, फ्रीजर चालू झालाच आहे तर त्यात ठेवून तशीच थंड वाढायची. तिसरी, परत उकळायची. सचिव म्हणाल्या, "सरांनी सांगितलंय न्हवं, उकळलं की सगळं मरतंय." तिसरी वाट सगळ्यांना पटली. ती काळजीची वाटत होती, त्यात मेहनत होती, आणि शिकलेल्या गोष्टीला धरून होती.

डब्यांतली एका कढईत आणि पातेल्यातली दुसऱ्या कढईत टाकून वीस मिनिटं खळाखळा उकळली. मग आचाऱ्याच्या दोन वेगळ्या भांड्यांत भरली. पहिलं भांडं पहिल्या पंगतीला गेलं, दुसरं दुसऱ्या पंगतीला.

काय झालं

पहिली पंगत साडेबाराला बसली, दुसरी दीडला. साडेतीनच्या सुमारास दुसऱ्या पंगतीतल्या दोन मुलांना उलट्या सुरू झाल्या. पाचपर्यंत मांडवात, एसटी स्टँडवर, परतीच्या जीपमध्ये, सगळीकडं तेच. उलट्या जोराच्या, पोटात पिळा, काहींना जुलाब. ताप जवळपास कुणालाच नाही. एकूण ४७ जण. सहा जणांना प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाइन लावावं लागलं. त्यांपैकी एक आजी आणि एक चार वर्षांचं पोर रात्रभर ग्रामीण रुग्णालयात ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे घरी होते. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पण त्या आजींची अवस्था रात्री नऊला ज्यांनी पाहिली त्यांना हे वाक्य सहज लिहिता येणार नाही.

साडेपाचला अक्कांचा मला फोन आला. मी तीन गोष्टी सांगितल्या. उरलेली बासुंदी कुणाला देऊ नका, पण टाकूही नका, झाकून फ्रीजरमध्ये ठेवा. भांडी धुऊ नका. आणि आत्ताच आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना रात्रीचं सगळं सांगा.

या शेवटच्या गोष्टीवर गटात वाद झाला. आचारी तोवर पाण्याला दोष देत होता, पाहुणे पनीरच्या भाजीला. बासुंदीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. एक सदस्य म्हणाल्या, "आपुन कशाला पुढं व्हायचं?" अक्का म्हणाल्या, "डॉक्टरीनबाई अंधारात चाचपडत्यात. पोरं आपल्या गावची हाईत." त्या निघाल्या, त्यांच्यामागं सचिव.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच, आणि तो मी घेतलेला नाही. मी फक्त सल्ला दिला होता. सल्ला देणाऱ्याला गावात राहायचं नसतं.

कारणाचा शोध

डॉक्टर मॅडम तरुण होत्या, पण डोक्यानं शांत. अक्कांनी रात्रीची हकीकत सांगितल्यावर त्यांनी प्रत्येक रुग्णाला तीनच प्रश्न विचारायला परिचारिकांना सांगितलं : कुठल्या पंगतीत बसला, बासुंदी खाल्ली का, उलटी किती वाजता झाली. वहीच्या दोन पानांत चित्र उभं राहिलं. ४७ पैकी ४४ जण दुसऱ्या पंगतीतले, किंवा दुसऱ्या भांड्यातली बासुंदी डब्यातून घरी नेलेल्या घरांतले. उरलेल्या तिघांपैकी दोघं वाढपी, त्यांनी नंतर दुसऱ्या भांड्यातलीच खाल्ली होती. दुसऱ्याच पंगतीत बसून, पण मधुमेह असल्यामुळं बासुंदी टाळलेले सात-आठ जण ठणठणीत. आणि लग्नाला न आलेली, फक्त घरी आलेली बासुंदी खाल्लेली एक शाळकरी मुलगी आजारी. पाणी आणि पनीर दोन्ही तिथं सुटले.

जेवणानंतर दोन-तीन तासांत उलट्या, ताप नाही, दिवसभरात बरं. हे लक्षण स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूच्या विषाशी जुळतं. हा जंतू चिघळलेल्या जखमेत असतो, कास सुजलेल्या म्हशीच्या दुधात असतो, आणि धडधाकट माणसांपैकी साधारण तिघांतल्या एकाच्या नाकातही असतो. म्हणजे शिंक, नाकाला लावलेला हात, कशातूनही तो अन्नात येऊ शकतो. आला म्हणून लगेच कुणी आजारी पडत नाही. कोमट, पौष्टिक जागी त्याला काही तास मिळाले तर तो वाढतो, आणि एका ग्रॅममागं लाखाच्या घरात गेला की त्यानं सोडलेलं विष त्रास देण्याइतकं होतं.

गफलत इथंच झाली. जंतू उकळीनं मरतो. विष मरत नाही, कारण ते जिवंत नसतंच. ते एक प्रथिन आहे, उष्णतेला अतिशय चिवट, आणि शंभर अंशांवर वीस मिनिटं उकळूनही बऱ्याच अंशी टिकतं. त्याला वास नाही, चव नाही. दूध आंबवणारे जंतू वाढले तर दूध फाटतं, वास येतो, आपण सावध होतो. पण एकदा उकळलेल्या दुधात ते आंबवणारे जंतूच उरलेले नसतात. मागाहून हातातून आलेल्या या पाहुण्याला रान मोकळं मिळतं आणि तो गुपचूप वाढतो. साखरेचाही त्याला फारसा अडथळा होत नाही. म्हणून खवा, पेढा, बासुंदी, क्रीम या पदार्थांत तो पुन्हा पुन्हा सापडतो.

उरलेल्या बासुंदीचा नमुना तपासायला गेला. जिवंत स्टॅफिलोकॉकस मिळाले नाहीत. विषाची चाचणी तिथं झाली नाही. गावात लगेच बोललं गेलं, 'रिपोर्ट चांगला आला, म्हणजे बासुंदी चांगली होती.' मला हे खोडून काढायला फार वेळ लागला. वीस मिनिटं उकळलेल्या बासुंदीत जिवंत जंतू सापडणारच नव्हते. निदान आम्ही लक्षणं, वेळ आणि पंगती यांवरून केलं आणि तसंच कागदावर लिहिलं.

हा सापळा मोठमोठ्यांनाही चकवून गेला आहे. जपानमध्ये २००० साली ओसाका परिसरात १३ हजारांहून अधिक लोक कमी स्निग्धांशाचं दूध पिऊन आजारी पडले. शोध घेतल्यावर धागा पोचला होक्काइडो बेटावरच्या दूध पावडरीच्या कारखान्यापर्यंत. तिथं मार्चअखेरीस तीनेक तास वीज गेली होती, दूध कोमट राहिलं, मग ते रीतसर पाश्चराइझ करून त्याची पावडर केली गेली. जंतू मेले, विष पावडरीत राहिलं. यंत्रसामग्री, प्रयोगशाळा, शिकलेली माणसं, सगळं असूनही. नोकरीत असताना मी हे प्रकरण अभ्यासलं होतं. एका पत्र्याच्या शेडमध्ये, वळवाच्या पावसात ते पुन्हा घडेल असं मात्र माझ्या मनात कधी आलं नाही.

पातेलं आणि डबे

पंधरा दिवसांनी आम्ही ती रात्र पुन्हा मांडून पाहिली. तेच पातेलं, साधारण तेवढीच बासुंदी, आणि शेजारी हौदात एक पाच लिटरचा डबा. मी डिजिटल तापमापी घेऊन बसलो, सचिव दर दोन तासांनी आकडे लिहीत होत्या.

पातेल्याच्या मध्यभागी रात्री नऊला ८२ अंश, अकराला ६१, एकला ४९, तीनला ४१, पाचला ३६. म्हणजे चारोळी पडली तेव्हा बासुंदी या जंतूला सोसेल इतकी उतरत आली होती, आणि तिथून उजाडेपर्यंत त्याला अगदी मानवेल अशा उबेत राहिली. डब्यातली बासुंदी अकराच्या आधीच तिशीत आली आणि एकच्या सुमारास हौदाच्या पाण्याइतकी, म्हणजे २५-२६ अंशांवर. तेही सुरक्षित म्हणता येणार नाही. पण तिथं हा जंतू कितीतरी सावकाश वाढतो, आणि त्या रात्री तेवढ्यानं पहिली पंगत वाचली.

हात तेच, पळी तीच, चारोळी तीच, आणि बोटही तेच. फरक फक्त थंड होण्याच्या वेगाचा.

यावर मी एवढा भर देतो त्याला कारण आहे. गावाला आणि गटालाही चिंधी बांधलेलं ते बोट सापडलं होतं. सगळा दोष त्या मुलीच्या माथी मारायला लोक तयार होते. तिच्या घरी शब्दाला शब्द लागले. जखम उघडी ठेवून अन्नाला हात लावायचा नाही, हा नियम पक्काच. पण बोट नसतं तर शिंक असती, नाही तर घामेजला पदर. अन्न दहा तास मोठ्या खोल भांड्यात ऊब धरून राहतं तेव्हा जंतू कुठून तरी येणारच, हे धरूनच चालावं लागतं.

आणखी एक गोष्ट त्या आकड्यांवरून दिसली. लाइट असती तरी धोका टळला असता असं नाही. घट्ट बासुंदीत आतल्या आत ढवळणं होत नाही, म्हणून गरम पातेलं तसंच फ्रीजरमध्ये ठेवलं तर कडेची बासुंदी गार होते आणि मधली कित्येक तास उबदार राहते. वीज गेल्यानं चूक उघडी पडली. चूक आधीच ठरलेल्या पद्धतीत होती.

काय वेगळं करता आलं असतं

मागणी घेताना : गटाची थंड करण्याची ताकद १५ किलोची होती. ४० किलो घ्यायचीच होती तर रात्री दूध संकलन केंद्राच्या बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाकीत ठेवून बासुंदी पहाटे चारला चढवायची, साडेआठपर्यंत उतरवायची, आणि ६० अंशांच्या वर गरम ठेवून गरमच वाढायची. केंद्रावर जनरेटर होता. अंतर तीन किलोमीटर. हा मार्ग सर्वांत सोपा होता आणि तो सुचला नाही, कारण 'आदल्या दिवशी सगळं आवरलेलं बरं' ही लग्नघरची रीत सगळ्यांच्या अंगात मुरलेली.

रात्री नऊला : सासूबाईंचं ऐकून उरलेली बासुंदीही लहान भांड्यांत घालता आली असती. डबे नव्हते, पण शेजारच्या चार घरांतून कळशा-डबे मागवता आले असते, लग्नाच्या गावात भांड्यांना कुणी नाही म्हटलं नसतं. परातींमध्ये चार बोटं उंचीचा थर पसरून वर पंचा घातला असता तरी ती झपाट्यानं निवली असती. विट्याहून बर्फाच्या लाद्या आणणं त्या पावसात शक्य नव्हतं, पण दुपारीच आणून ठेवता आल्या असत्या. बर्फ मात्र भांड्याभोवती, आत नाही.

सकाळी सहाला : इथं मला अजूनही अवघड वाटतं. आज मी ठामपणे सांगेन की रात्रभर कोमट राहिलेली दुधाची कुठलीही वस्तू टाकून द्यायची. पण लग्नाच्या सकाळी, सात तासांवर पंगत असताना हे कळायला ज्ञान आणि वळायला धीर, दोन्ही लागतं. मुलीच्या वडिलांना सहा वाजता फोन करून 'काका, अर्धी बासुंदी टाकतोय, विट्याहून जिलबी मागवा' असं सांगता आलं असतं. मी नंतर त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वाईट वाटलं असतं, रागावलो असतो. पण मागवली असती."

माझ्याकडून : 'उकळलं की धोका उरत नाही' हे वाक्य मी शिकवायला नको होतं. खरं वाक्य लांब आहे. उकळल्यानं जिवंत जंतू मरतात. त्याआधी जंतूंना वेळ मिळाला असेल तर त्यांनी जे करून ठेवलंय ते उकळून जात नाही. म्हणून उकळलेला पदार्थ एक तर ६० अंशांच्या वर ठेवायचा, नाही तर लवकरात लवकर ५ अंशांच्या खाली न्यायचा. मधल्या पट्ट्यात त्याला रेंगाळू द्यायचं नाही. लांब वाक्य लोकांच्या लक्षात राहत नाही म्हणून मी छोटं केलं, आणि छोटं करताना त्यातलं निम्मं सत्य गळून गेलं.

दुधाची भीती

नंतरच्या महिन्यात एक वेगळाच त्रास उभा राहिला. गावात 'दूध बाधलं' असा शब्द पसरला. गटाचं पनीर तर सोडाच, काही घरांनी मुलांचं दूध बंद केलं. अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं की एका घरी दोन वर्षांच्या मुलीला दुधाऐवजी चहा-बिस्किट देतात. मला बासुंदीपेक्षा या गोष्टीचा जास्त घोर लागला.

डॉक्टर मॅडम आणि मी अंगणवाडीत जाऊन बसलो. त्यांनी सांगितलं ते असं : या भागात रोजचं जेवण भाकरी, आमटी, भाजीचं. शाकाहारी घरात बी-१२ हे जीवनसत्त्व मिळण्याचा मोठा आधार दूध-दह्याचाच, कारण धान्य-भाजीत ते नसतं. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त, आणि प्रथिनं अंगाला चांगली लागणारी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात ३०० मिलिलिटर दूध किंवा दही धरलं आहे. उकळल्यानं कॅल्शियम आणि प्रथिनांचं काही बिघडत नाही, थोडी जीवनसत्त्वं कमी होतात एवढंच. ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगतं, त्यांना दही किंवा ताक बऱ्याचदा चालतं, कारण विरजणातले जंतू दुधातली साखर काही प्रमाणात आधीच संपवतात. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी गाई-म्हशीचं दूध द्यायचं नाही, हेही त्यांनी मुद्दाम सांगितलं, कारण दुधाची बाजू घेताना ते राहून जातं.

एका आजोबांनी विचारलं, "मग धारोष्णच प्यावं का? उकळून जर असं होतंय तर?" हा प्रश्न येईल याची मला धास्तीच होती. मी म्हणालो, आजोबा, मुळीच नाही. कच्च्या दुधातून जनावरांतल्या सांसर्गिक गर्भपाताचा, ब्रुसेलाचा जंतू येतो, क्षयाचाही येऊ शकतो. दूध प्रकल्पात ते ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर अर्धा तास तापवतात ते याचसाठी, आणि घरी उकळतात तेही याचसाठी. उकळणं सोडायचं नाही. उकळून झाल्यावर दूध ओट्यावर विसरायचं नाही.

निष्पत्ती

गटानं बासुंदीचे सगळे पैसे परत केले आणि औषधपाण्याचा खर्च गटाच्या बचतीतून दिला. दोन जणी यामुळं गटातून बाहेर पडल्या. सहाएक महिने शेड बंद होती. आचाऱ्यानं पुन्हा काम दिलेलं नाही.

दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नापासून काम परत सुरू झालं. शेडमध्ये आता एक तापमापी खिळ्याला अडकवलेली असते आणि शेजारी वही. एका मागणीला १५ किलोच्या वर बासुंदी नाही, ती पहाटे करायची. खवा-पनीरसाठी रुंद पसरट ट्रे घेतले. सुकामेवा बासुंदी उकळत असतानाच पडतो. मऊ झाला तर झाला, असं अक्का गिऱ्हाइकाला आधीच सांगतात. कुणाच्या हाताला जखम, गळू, तापसर्दी असली तर त्या दिवशी ती हिशेब आणि डबे बांधायचं काम करते आणि मजुरी पूर्ण मिळते. मजुरी पूर्ण द्यायची हा मुद्दा सचिवांचा. पैसे कापले तर कोणी जखम दाखवणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं.

पहिल्या मोठ्या मागणीच्या पहाटे मी गेलो होतो. सासूबाई ओसरीवर होत्या, हौदात डबे होते, दर तासाला आकडे वहीत पडत होते. धाकटी सून आली होती. बोट कधीच बरं झालंय, बारीक पांढरी खूण राहिली आहे. वहीत आकडे तीच लिहीत होती. अक्कांनी तिला दोनदा हाक मारली, "ये गं, जरा ढवळ." ती उठली, कढईपर्यंत गेली, पळी दुसरीच्या हातात दिली आणि परत वहीपाशी येऊन बसली.